सिदोजीची तिसरी गाठ

एका राज्यात राजापेक्षा राजाच्या पागेचा दिमाख मोठा होता, आणि पागेत घोड्यांची निगा राखणाऱ्या सिदोजी मोतद्दाराच्या गाठीचा. आलेल्या जनावराला आधी पायबंद, मग चारा, अशी तिथली रीत. सिदोजीने मारलेली गाठ आजवर कुठल्या जनावराने सोडवली नव्हती, आणि त्याचा त्याला भारी तोरा होता.

एकदा राजाने खाऱ्या माळावरून एक रानगाढव धरून आणले. सिदोजीने रीतीप्रमाणे त्याला बांधले. ते होते त्या माळाचे मांत्रिक. मान वर करून ते म्हणाले, "माझ्या कुळाला कधी दोर लागला नाही. तू मला बांधलेस, आता तुझे माणूस दोरात पडेल."

सकाळी सिदोजीची एकुलती लेक सगुणा घोडी होऊन अंगणात उभी होती. पांढऱ्या अंगावर दोराच्या वळांसारखे काळे पट्टे. त्याच शापाने पागेतल्या घोड्यांनीही दाणा सोडला. लेक रानात भरकटली तर लांडगे खातील, म्हणून सिदोजीने तिला परसात नेऊन पायबंद घातला आणि वर आणखी दोन वेढे दिले. बाप तो, दुसरे काय करणार?

तेव्हा पागेच्या आढ्यावरची साळुंकी बोलली. "लेक परत हवी तर तीन गाठी सोड. पहिली रानगाढवाची, दुसरी राजाच्या घोड्याची. तिसरी तुझी तूच शोध."

सिदोजीने विचारले तेव्हा राजाने आधी कपाळाला आठ्या घातल्या. पण लाडका घोडा उपाशी मरत होता, म्हणून होकार दिला. रानगाढव सुटले आणि मागे न बघता माळाला लागले. राजाचा घोडा सुटला, किल्ल्याला तीन फेऱ्या मारून आपल्या पायांनी परत आला आणि तोबऱ्यात तोंड घालून हरभरे खाऊ लागला.

तिसरी गाठ काही सापडेना. सिदोजीने पागेतले सगळे दोर सोडले, बैलांची दावी सोडली, कमरेचा करगोटासुद्धा सोडला. पट्टे जागच्या जागी. थकून तो लेकीपाशी बसला, तर तिने पाय उचलून त्याच्या मांडीवर ठेवला. दोराखाली कातडे सोलून निघाले होते. सिदोजीला रडू कोसळले.

"सगुणे, जा. आलीस तर तुझ्या मनाने ये," तो म्हणाला आणि त्याने गाठ सोडली.

ती टेकडीपार दौडत गेली. दिवस कलला तरी सिदोजी उंबऱ्यावरून उठला नाही. मग टेकडीच्या वाटेने कुणी लंगडत येताना दिसले, दोन पायांवर. सगुणाच ती. केसांत कुसळे, पायाला वळ.

"आबा, भूक लागलीय," ती म्हणाली. सिदोजीने आयुष्यात पहिल्यांदा आधी भाकरी वाढली.

पुढे त्या पागेत घोड्याला दातांनी ओढता येईल अशीच गाठ मारायची रीत पडली. एक घोडा तेवढा गेला. राजा म्हणाला, जाऊ द्या. बाकीचे अजून तिथेच आहेत.