कबुतराला झेपेल एवढी राणी

त्या दिवशी राजवाड्यात लोणच्यासाठी कैऱ्या फोडणं चाललं होतं. दुपारी राजकन्येनं सासरी नेलेलं कबुतर परत आलं. पायाला चिठ्ठी होती : 'आबासाहेब, माझे दिवस भरत आलेत. आईला पाहावंसं वाटतं. तिचं चित्र पाठवा.'

राणीला जाऊन वर्ष झालं होतं. तिचं चित्र दिवाणखान्याची भिंत भरून होतं. घाटात दरड कोसळून वाट बंद! राजकन्येच्या सासरहून आणून ठेवलेलं, सोडलं की तिकडेच परतणारं एक कबुतर तेवढं हाताशी होतं.

राजा उदयराजानं तिघा चिताऱ्यांना बोलावलं. "कबुतराला झेपेल अशी नक्कल करा. पण काहीही कमी होता कामा नये! नाही जमलं तर गाव सोडा!"

पहिल्यानं कडेकडेचं गाळलं. राजा ओरडला, "राणीचे पाय कुठे गेले?"

दुसऱ्यानं सगळंच बारीक काढलं. "ही राणी की मुंगी?"

तिसऱ्यानं सगळं जसंच्या तसं मलमलीवर उतरवलं. ते गाठोडं बांधताच कबुतर चार पावलं चाललं आणि मटकन बसलं!

कबुतरं सांभाळणारी येसू फिसकन हसली.

"हसतेस काय? तू करून दाखव!"

"दाखवते, सरकार. आधी चित्राकडे पाठ करा."

"मला पाठ फिरवायला सांगतेस?"

"चित्रालाच फिरवलं असतं, पण ते भिंतीएवढं आहे!"

राजा कुरकुरत वळला. येसूनं पहिल्या चिताऱ्याच्या हातात तळहाताएवढा कागद दिला. "महाराज सांगतील तेवढंच काढा. सांगा सरकार, चित्रात काय आहे?"

"राणी आहे." राजानं डोळे मिटले. "मान जराशी डावीकडे. हसू दाबून धरलेलं. कानामागे बकुळीची फुलं. उजव्या गालावर खळी..."

"तिकडे कुणाचंच लक्ष जात नाही, सरकार!" चितारी म्हणाला.

"माझं जातं."

"आणखी?" येसूनं विचारलं.

राजानं आणखी आठवून पाहिलं. "बस्स. एवढंच."

कागद सुरळी होऊन कबुतराच्या पायाला बसला. तेवढ्यात राजा वळला आणि गरजला, "थांबा! गालिचा कुठाय? खांब? मागचा हत्ती?"

"सरकार, रोज पाहूनही हत्ती तुम्हालाच आठवला नाही, तर ताईसाहेबांना कशाला आठवेल? बिचाऱ्या कबुतराच्या पायाला हत्ती कशाला बांधायचा?"

राजा पोट धरून हसला! येसूला सोन्याचं कडं मिळालं, कबुतरखान्याला नवं छप्पर. चितारी गावातच राहिले.

कबुतर घाटापलीकडे दिसेनासं झालं. खळीचं राणीला ती होती तोवर सांगायचं मात्र राजाकडून राहून गेलं होतं.