शेवंती आणि परसातलं वांगं

एका राजाला होती एक लेक. नाव शेवंती. पाच वर्षांची, पण अंगाने अगदी चिपाड. का, तर दूधभाताशिवाय ती काही खायचीच नाही.

त्या घरची एक रीत होती, बरं का. कुणी विष घालू नये म्हणून प्रत्येक ताटातला पहिला घास म्हादबा नावाचा गडी खायचा. तो गिळायचा, आणि सगळे श्वास रोखून त्याच्याकडे बघायचे. तो उभाच राहिला की मग राजा म्हणायचा, चला, जेवा आता. जन्मल्यापासून शेवंती हेच बघत होती. दूध तेवढं तिच्यासमोर काढायचे, भात तिच्यासमोर शिजायचा. हे दोन्ही म्हादबा चाखत नसे.

लेक वाळत चालली. वैद्य म्हणाले, असंच चाललं तर ही पोर दिवाळी बघत नाही.

मग राजाने पक्वान्नं मांडली. शेवंतीने तोंड फिरवलं. मग राणीने मांडीत दाबून भरवलं. शेवंतीने ओकून टाकलं. मग दारात अस्वल नाचवलं, आणि ती बघत असताना हळूच घास सारला. झालं काय, तर ती अस्वलालाही भिऊ लागली.

एकदा ती एकटीच परसात गेली. तिथे झाडावरचं वांगं म्हणालं, "शेवंते, मला तोड की."

शेवंती मागे सरकली. "तुला म्हादबाने चाखलंय का?"

"नाही बाई. शेजारच्या वांग्याला खार चाखून गेली. ती बघ, कुंपणावर पळतेय."

"पण म्हादबाने खाल्लं की सगळे भितात. तो मेला तर?"

वांगं देठावर जरा तिच्याकडे वळलं. मग म्हणालं, "हे आईला सांगितलंस का कधी?"

नव्हतं सांगितलं. कुणी विचारलंच नव्हतं.

मग शेवंतीने वांगं तोडलं, राणीपुढे ठेवलं आणि विचारलं, "आई, म्हादबा मरेल का गं?"

राणीने तिला जवळ घेतलं. तिने राजाला बोलावून सगळं सांगितलं. राजाने म्हादबाला हाक मारली. मग म्हणाला, "म्हादबा, आजपासून चाखणं बंद, तू पंगतीत बसायचं."

राणीने स्वतः वांगं निखाऱ्यावर भाजलं, भरीत केलं. एकाच भांड्यातून सगळ्यांनी घेतलं. शेवंतीकडे कुणी बघितलं नाही. त्या दिवशी तिने नुसता वास घेतला. दुसऱ्या दिवशी बोट चाटलं आणि तोंड वाकडं केलं. तिसऱ्या दिवशी ताट पुढे सरकवून म्हणाली, "मला पण."

म्हादबाने तर जन्मात पहिल्यांदा बसून, गरम गरम जेवण केलं. चार भाकरी खाल्ल्या. आणि दिवाळीला शेवंतीने करंजी मागून घेतली.

ते सगळे जेवून सुखाने झोपले. तुम्हीही डोळे मिटा. उद्या भरीत आहे.