अर्ध्यावर कुलूप

निषाद कर्णिक यांनी धवल्यांचं, म्हणजे आगरी लग्नगीतांचं ॲप काढलं. काहीही ऐकायचं तर आधी पैसे भरून सभासद व्हायचं. ॲप स्टोअरने ते परत पाठवलं. सभासद होण्याआधी लोकांना थोडंफार ऐकायला मिळालंच पाहिजे, असा त्यांचा नियम. मग कर्णिकांनी प्रत्येक कडव्याची पहिली ओळ मोकळी केली आणि दुसरीला कुलूप ठेवलं.

पण धवला दोघी मिळून गातात. ॲपवरच्या गाण्यांत पहिली ओळ म्हातारी चांगुणाबाय उचलायची, दुसरी तिची धाकटी बहीण सुंदरी पुरी करायची. गाणी रेकॉर्ड झाली आणि सुंदरी वारली. ॲपवर चांगुणाबायला आता फक्त स्वतःचा आवाज ऐकू येई. सुंदरीची ओळ उघडा म्हणून तिने विनवलं, तेव्हा कर्णिक म्हणाले, "मावशी, नियम सगळ्यांना सारखा."

ॲपच्या उद्घाटनाला त्यांनी तिलाच मंचावर बोलावलं. "होऊन जाऊ दे एक धवला!"

तिने पहिली ओळ म्हटली आणि ती थांबली.

"पुढे?"

"पुढं कुलूप हाय, साहेब. नियम सगल्यांना सारखा."

सभागृह हसलं. कर्णिकही हसले. "अहो, पुढची ओळ येते की तुम्हाला!"

"येते. पन ती सुंदरीची. ती तुमच्याकडं कोंडलेली हाय."

हसू विरलं. कर्णिकांनी खिशातून फोन काढला, कुलूप उघडलं आणि तो माइकजवळ धरला. चांगुणाबायने पहिली ओळ पुन्हा म्हटली. या वेळी फोनमधून सुंदरीने दुसरी पुरी केली.

धवला संपेपर्यंत कर्णिकांनी मान वर केली नाही. मघाशी हसलेल्यांपैकी कुणाचाही हात टाळीसाठी उठला नाही.