हेरंबमामा राक्षसाचा खेळ घेतो

एका सोसायटीत एक भोळा मामा होता. भोळा हे आपलं सभ्य भाषेत. नाव हेरंब. वय सव्वीस, अक्कल अजून बालवाडीच्या रांगेत. त्याला एकच नाद, फाशांचा गोष्टीचा खेळ. म्हणजे एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातले वीर व्हायचं, आणि वीराला एखादी गोष्ट जमली की नाही ते फासा ठरवणार.

भाची चार्वी सहा वर्षांची होणार होती. तिने अख्ख्या सोसायटीतल्या पोरांना सांगून टाकलेलं, "माझ्या बड्डेला मामा राक्षसाचा खेळ घेणारे!"

झालं! चार्वीची आई, म्हणजे हेरंबची केतकीताई म्हणाली, "हेरंब, पोरीची लाज राख रे बाबा. आधी चार्वी आणि शेजारच्या ईशानला घेऊन सराव कर."

पहिल्या रविवारी त्याने नियमांचं पुस्तक उघडलं आणि पान एकपासून वाचायला लागला. पान चाळीसला मान वर केली, तर चार्वी सोफ्यावर घोरतेय आणि ईशान केव्हाच घरी.

"अरे दगडा," ताई म्हणाली, "वाचतोस काय? पोरं काही बोलली की विचारायचं, 'बरं, मग तू काय करतेस?' आणि फासा टाकायला लावायचा. बास!"

"बास," हेरंब म्हणाला.

दुसऱ्या रविवारी खेळ काय रंगला! वीर थेट गुहेच्या तोंडाशी. तेवढ्यात चार्वी म्हणाली, "मामा, शू लागली."

"बरं, मग तू काय करतेस?"

"बाथरूममध्ये जाते!"

"टाक फासा."

पडले दोन.

"दार उघडत नाही," हेरंब गंभीरपणे म्हणाला. "पुन्हा टाक."

पडला एक. सोफ्याचं कव्हर दोन दिवस गॅलरीत वाळत होतं.

"अरे बैला! पोरांनी काही मागितलं तर फासे टाकतात का? सरळ 'हो' म्हणायचं!"

"हो," हेरंब म्हणाला.

तिसरा रविवार.

"काका, मी राक्षस होऊ?" ईशानने विचारलं.

"हो."

"चार्वीला खाऊ?"

"हो."

"खरंखरं?"

"हो."

ईशानने चार्वीच्या दंडाला असा चावा घेतला, की त्याचे पुढचे किती दात पडलेत ते त्यावर मोजता येत होतं.

ताईने दंडाला बर्फ लावला आणि भावाला कोपरापासून हात जोडले. "शेवटचं सांगते. खेळात काय वाटेल ते होऊ दे. पण खेळ संपला की सगळे सुखरूप घरी पोचले पाहिजेत. एवढंच लक्षात ठेव."

हेरंबने ते तळहातावर पेनने लिहून ठेवलं.

वाढदिवस सोसायटीच्या हॉलमध्ये. आणि काय सांगू, खेळ जमला! बारा पोरं, एक राक्षस, नुसता कल्ला. राक्षस पडला तशी चार्वी खुर्चीवर चढून ओरडली, "हा माझा मामा!" ताईच्या डोळ्यांत पाणीच आलं. ते पुसत ती कोपऱ्यावरच्या दुकानातून केक आणायला गेली. अर्ध्या तासाने परतली, तर हॉलमध्ये फुगे, टोप्या आणि घामाघूम हेरंब.

"पोरं कुठेत?"

"सुखरूप! एकेकाच्या दारात गेलो, बेल वाजवली, आईच्या ताब्यात दिलं."

"अरे, केक कापायचा होता! आणि चार्वी?"

"तिलाही सोडलं. हात-पाय झाडत होती, पण घरी आजोबांच्या ताब्यात दिली. एकही वीर राहिला नाही."

ताईने केक खुर्चीवर ठेवला. हेरंबने तिच्याकडे नीट पाहिलं, बोटांवर काहीतरी मोजलं आणि कपाळावर हात मारला.

"अरेच्चा! ताई, तू राहिलीसच की! चल, तुलाही सोडतो."