पारव्याचं घुमणं

फार जुनी गोष्ट. ससाण्याच्या तावडीतून निसटलेला एक पारवा कावळ्यांच्या चिंचेवर आसरा मागायला आला. ऐकून घेतल्याशिवाय कुणालाही हाकलायचं नाही, असा कावळ्यांचा कायदा होता.

पूर्वी अशांची बाजू साळुंकी मांडायची. तिला सगळ्या पाखरांची बोली यायची. कावळ्यांचे पंच तिला चोचभर दाणे द्यायचे. त्या वर्षी म्होरक्या कावळ्याने ते बंद केले. "परक्यांसाठी आपले दाणे कशाला?" पोटासाठी साळुंकी दूर निघून गेली.

पारव्याने जीव तोडून सगळं सांगितलं. पंचांनी कायद्याप्रमाणे शेवटपर्यंत ऐकलं.

"हा तर मजेत घुमतोय," म्होरक्या म्हणाला. "याला कसली भीती? पाठवा परत."

संध्याकाळी वाऱ्यावर करडी पिसं आली. म्होरक्याच्या कावळिणीने ती पिल्लांखाली अंथरली.

"अहो," ती म्हणाली, "किती मऊ आहेत!"