डिंगी बेडकी आणि डुलणारं चाक

एका अंगणात एक बेडकी राहायची. एवढीशी. सुपारीएवढी. नाव तिचं डिंगी.

फाटकापाशी दोन परळ होते. परळ म्हणजे मातीची पसरट बशी. बशीत पाणी. पाण्यात डिंगी. सकाळी या परळात, दुपारी त्या परळात.

त्याच अंगणात अप्पांची गाडी होती. निळी. म्हातारी. अप्पा स्टिअरिंग डावीकडे फिरवायचे. गाडी आधी विचार करायची. मग डावीकडे जायची. कधी जायची, कधी नाही.

अप्पा म्हणायचे, "हवा कमी आहे." आणि हवा भरायचे. फुस्स फुस्स फुस्स!

दसऱ्याच्या सकाळी गाडी फाटकातून आत आली. डुलूडुलू, डुलूडुलू, काडकन! परळ फुटला. डिंगीने उडी मारली, म्हणून वाचली.

एक परळ गेला. एक उरला. संध्याकाळी गाडी परत बाहेर जाणार. मग तोही जाणार!

डिंगी थोडी रडली. मग रडून झालं. ती म्हणाली, "चाकालाच विचारते."

डिंगी निघाली. टुण टुण टपाक!

"चाका चाका, सरळ जा ना!
डिंगीचा परळ वाचेना!"

चाक म्हणालं, "मी कसं जाऊ सरळ? रॉड मला नीट धरतच नाही. रॉडने धरलं, तर जाईन."

रॉड म्हणजे गाडीखालचा लांब दांडा. चाकाचा हात धरणारा.

डिंगी निघाली. टुण टुण टपाक!

"रॉडा रॉडा, चाकाला धर ना!
चाक सरळ जाईना,
डिंगीचा परळ वाचेना!"

रॉड म्हणाला, "मी धरेन गं. पण मला कोण धरतं? नट घट्ट बसला, तर धरेन."

डिंगी निघाली. टुण टुण टपाक!

नट रॉडच्या टोकाला होता. जेवण झाल्यासारखा ऐसपैस बसला होता.

"नटा नटा, घट्ट बस ना!
रॉड धरेना,
चाक सरळ जाईना,
डिंगीचा परळ वाचेना!"

नट म्हणाला, "दोन वर्षं मी ढिला आहे. आज पहिल्यांदा कोणी विचारलं. पण आपणहून घट्ट बसायची आमच्यात पद्धत नाही. पान्याने आवळलं, तर बसेन."

डिंगी निघाली. टुण टुण टपाक!

पाना पाटावर होता. दसऱ्याची पूजा मांडली होती ना! त्याच्या कपाळाला कुंकू. डोक्यावर झेंडूचं फूल.

"पान्या पान्या, ऊठ ना!
नट घट्ट बसेना,
रॉड धरेना,
चाक सरळ जाईना,
डिंगीचा परळ वाचेना!"

पाना म्हणाला, "हळू बोल. आज माझी पूजा आहे. वर्षभर मला ग्रीस लागतं, आज कुंकू लागलंय. अप्पांनी फूल उचललं, तर उठेन."

डिंगी निघाली. टुण टुण टपाक!

"अप्पा अप्पा, फूल उचला ना!
पाना उठेना,
नट घट्ट बसेना,
रॉड धरेना,
चाक सरळ जाईना,
डिंगीचा परळ वाचेना!"

अप्पा म्हणाले, "छे छे! नैवेद्याआधी फूल हलवायचं नाही. नैवेद्याला श्रीखंड हवं. चक्का गोड झाला, तर उचलेन. आणि गाडीचं म्हणशील, तर हवा कमी आहे."

फुस्स फुस्स फुस्स!

डिंगी निघाली. टुण टुण टपाक!

चक्का स्वयंपाकघरात होता. फडक्यात टांगलेला. टप टप टप!

"चक्क्या चक्क्या, गोड हो ना!
अप्पा फूल उचलेनात,
पाना उठेना,
नट घट्ट बसेना,
रॉड धरेना,
चाक सरळ जाईना,
डिंगीचा परळ वाचेना!"

चक्का म्हणाला, "मी आंबट आहे. मला आंबटच बरं वाटतं. आत्याने साखर घालून घोटलं, तर होईन गोड."

डिंगी निघाली. टुण टुण टपाक!

आत्या म्हणजे अप्पांची लेक. सगळे तिला आत्याच म्हणायचे. मागच्या पायरीवर बसली होती. हाताची घडी. गाल फुगलेले.

"आत्या आत्या, चक्का घोट ना!
चक्का गोड होईना,
अप्पा फूल उचलेनात,
पाना उठेना,
नट घट्ट बसेना,
रॉड धरेना,
चाक सरळ जाईना,
डिंगीचा परळ वाचेना!"

आत्या म्हणाली, "मी रुसले आहे. मी म्हटलं, अप्पा, स्टिअरिंग ढिलं आहे, मी बघते. अप्पा म्हणाले, तू श्रीखंडाचं बघ. आता मी काहीच बघणार नाही! गाडीत काय ढिलं आहे, ते कोणी सांगितलं, तरच उठेन."

आणि मग आत्या एकदम थांबली.

"ए सुपारी, आत्ता काय म्हणालीस? रॉड काय करेना?"

"धरेना."

"का धरेना?"

"नट घट्ट बसेना."

"कोण म्हणतं?"

"नटच म्हणाला."

आत्याने हाताची घडी सोडली. गाल खाली बसले.

"अगं बाई! आम्ही दोन वर्षं एकमेकांशी भांडतोय. चाकाला कोणी विचारलंच नाही. एवढीशी बेडकी, पण गाडीखाली जाऊन विचारून आली! शाब्बास!"

आत्या उठली. साखर घातली. घोट घोट घोट!

चक्का गोड झाला.
अप्पांनी नैवेद्य दाखवला. फूल उचललं.
पाना उठला. कुंकवासकट उठला.

आत्याने मागच्या चाकांना विटा लावल्या. पुढची बाजू जॅकने वर उचलली. खाली भक्कम स्टँड ठेवला. मग चाक दोन्ही हातांनी धरलं आणि हलवलं. डावीकडे, उजवीकडे. खडक खडक! खडक खडक!

"ऐकलंत, अप्पा?"

"ऐकलं," अप्पा म्हणाले. पंप त्यांनी हळूच पाठीमागे लपवला.

आत्या गाडीखाली शिरली. पान्याने नट धरला. कर्र, कर्र, कर्र!

नट घट्ट बसला.
रॉडने धरलं.
आत्याने चाक पुन्हा हलवलं. आवाज नाही. काहीच नाही.

अप्पा म्हणाले, "मी म्हणतच होतो, नट असणार."

"अप्पा, तुम्ही हवा म्हणत होता!"

"मनात नट म्हणत होतो."

संध्याकाळ झाली. आत्या स्टिअरिंगवर बसली. अप्पा शेजारी. डिंगी परळात. डोळे घट्ट मिटून.

गाडी निघाली. डुलूडुलू नाही. सरळ! फाटक आलं. परळ आला. चाक परळाच्या बाजूने गेलं. सरळ, सरळ, सरळ!

परळातलं पाणी हललंसुद्धा नाही.

डिंगीने एक डोळा उघडला. मग दुसरा.

गाडी थांबली. अप्पा खाली उतरले. त्यांच्या हातात नवा परळ होता. मोठा. अप्पांनी त्यात पाणी भरलं. तो त्यांनी डिंगीजवळ ठेवला. पाण्यात आपट्याचं एक पान सोडलं. दर दसऱ्याला अप्पा सर्वांत मोठ्या माणसाला आधी सोनं द्यायचे. आज त्यांनी सर्वांत लहान बेडकीला दिलं.

"सोनं घे, डिंगीबाई," अप्पा म्हणाले. "आणि गाडीला काही झालं, तर आधी तुलाच विचारीन."

मग काय! सकाळी या परळात, दुपारी त्या परळात. टुण टुण टपाक... डुबुक!