मागच्या खोलीतला फोटो

आईच्या तेराव्याला, भरल्या घरात, सभापती दौलतरावांनी तिचा फोटो स्टुडिओवाल्या रत्नप्रभापुढे आदळला. "तुझ्या स्टुडिओत मॉनिटरवर माईचा चेहरा कसा उजळ दिसत होता! आणि हा काळवंडलेला फोटो आमच्या गळ्यात मारतेस? मॉनिटर खोटा की तू?"

मॉनिटरचे आणि छपाईचे रंग रत्नप्रभाने यंत्र लावून जुळवले होते, त्यात चूक नव्हती. तिने शांतपणे विचारलं, "फोटो टांगला कुठं होता?"

"माईच्याच खोलीत. मागं, गोठ्याशेजारी."

रत्नप्रभाने फोटो उचलून अंगणातल्या उजेडात धरला. म्हातारीचा चेहरा थेट मॉनिटरवरच्यासारखा उजळला.

"साहेब, मॉनिटरला स्वतःचा उजेड असतो," ती म्हणाली. "कागद बिचारा, आपण ठेवू तिथल्या उजेडावर जगतो. हा फोटो मी याच अंगणात काढला. माईंना हाताला धरून बाहेर आणलं, तेव्हा म्हणाल्या होत्या, 'किती वर्षांनी ऊन लागलं गं अंगाला!'"

दौलतरावांनी फोटो हातात घेतला. मागच्या खोलीत जायला मात्र त्यांचे पाय उचलेनात.